चित्रात नसलेली खिट्टी

कारखान्यात जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून मला काही सुचत नाही. जेवताना आई विचारते, लक्ष कुठे आहे तुझं, आणि मी काहीतरी उत्तर देऊन ताट उचलते. लक्ष उद्याकडे असतं. कोण काय विचारेल, त्याला मराठीत काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत असते. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेज पुण्याचं. कामातले शब्द मला इंग्रजीतच येतात, आणि तेसुद्धा मोठ्याने म्हणायची वेळ क्वचित येते. माझं काम लिहिण्याचं आहे. म्हणूनच मी ते धरलं असावं.

आमचं ऑफिस म्हणजे मारुती मंदिराजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्राम आम्ही तयार करतो, पण ते हाताने लिहीत नाही. आधी कामाचं चित्र काढतो. एक चौकोन म्हणजे यंत्राची एक अवस्था, एक बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची अट. या चित्राला मॉडेल म्हणतात. त्याचं रूपांतर होऊन दुसरं, यंत्राच्या अधिक जवळचं मॉडेल तयार होतं, आणि त्यातून शेवटी यंत्राच्या कंट्रोलरला समजेल असा प्रोग्राम निघतो. ही रूपांतरं ज्या नियमांनी होतात ते नियम मी लिहिते. त्यासाठी निराळी भाषा आहे. तिच्यात आधी हे कर, मग ते कर, असं बजावावं लागत नाही. अशा प्रकारचा चौकोन दिसला तर त्याच्या जागी अमुक येईल, एवढंच म्हणायचं. कुठला नियम कुठे लागतो ते टूल बघतं, आणि कशातून काय निघालं याचा मागही तेच ठेवतं. पहिल्यांदा ती भाषा वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुणावर आवाज न चढवता कामं होतात अशी एक जागा सापडली होती.

ही कंपनी काढणारे आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात की बदल चित्रात करायचा, बटण दाबायचं, नवा प्रोग्राम घ्यायचा. निघालेल्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सगळ्यांना सारखंच कळलंय असं मी धरून चालले होते.

निघालेला प्रोग्राम कारखान्यात नेऊन यंत्रात घालायचं काम दादाचं. ऑफिसात सगळेच त्याला दादा म्हणतात. तो संगमेश्वराकडच्या गावातला, घरची शेती, दोन भाऊ मुंबईला. आमच्याकडे यायच्या आधी तो लोट्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता, आणि त्याच्या बऱ्याचशा गोष्टी तिथल्याच. त्यात यंत्र अडतं, वरचा माणूस फोन उचलत नाही, आणि दादा उभ्याउभ्या काहीतरी करून ते चालू करतो आणि धावत कंपनीची बस पकडतो. गोष्ट बस पकडल्यावर संपते. मी हसायचे. त्या सगळ्या गोष्टींत तो नेमकं काय करतो, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मी सांगते आहे तो दिवस एमआयडीसीतल्या एका माशांचे डबे भरणाऱ्या कारखान्यातला. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली होती, लाँची समुद्रात जाऊन आल्या होत्या आणि कारखान्याचा नवा हंगाम त्या सकाळी सुरू व्हायचा होता. पावसाच्या महिन्यांत मी नियमांत बराच बदल केला होता, शिजलेले डबे बाहेर काढल्यावर थंड करायचा टप्पा नव्याने आला होता, म्हणून सगळा प्रोग्राम पुन्हा काढला होता. साहेब म्हणाले, या वेळी तुम्हीही जा, चालू होताना बघा.

मी गेले. आत शिरताना ओल्या बर्फाचा आणि बांगड्याचा वास एकदम अंगावर आला. आमच्याकडे घरात मासे येत नाहीत, त्यामुळे मी तोंडाने श्वास घेत उभी राहिले आणि कुणाच्या ते लक्षात येऊ नये म्हणून भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले. दादा माझ्या आधीच पोचला होता. त्याने सकाळीच नवा प्रोग्राम यंत्रात घातला होता, दिवे बघितले होते, आणि आता चहा पीत होता.

डबे जिथे शिजतात ती दोन मोठी आडवी भांडी आहेत. कारखान्यात त्यांना एक नंबर आणि दोन नंबरचा कुकर म्हणतात. डब्यांच्या जाळ्या आत ढकलायच्या, झाकण लावायचं, आत दाबाखाली वाफ. शिजून झालं की वाफ सोडायची, झाकणाची खिट्टी हवेच्या जोराने मागे सरकते, मग झाकण उघडायचं. दोन नंबरवर एक मावशी काम करतात. झाकण उघडून जाळ्या बाहेर ओढायचं काम त्यांचं, म्हणजे उघडताना त्या बरोबर तोंडाशी उभ्या. गेल्या खेपेपासून त्या मला ओळखत होत्या, आणि मी काही बोलत नाही याची त्यांना गंमत वाटायची.

दादाला त्या म्हणाल्या, "ही बाय आपणहून बोलते, की हिचंपण बटण दाबायला लागतं?"

दादा म्हणाला की बटण आहे, पण ते पुण्याला राहिलंय. आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि पुन्हा सूचना वाचायला लागले.

मग मुकादमांनी सगळ्यांना बोलावलं. ते लांज्याकडचे, कारखान्यात सगळ्यात जुने, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढची मागणी, तेच घालतात. एक नंबरसमोर पाटावर नारळ, अगरबत्ती, जास्वंदीची फुलं. सगळे हात जोडून उभे राहिले. मालक सर्वांत पुढे. गाऱ्हाणं पुरं होऊन नारळ फुटला की दोन्ही कुकरची बटणं त्यांनी दाबायची, असं ठरलेलं होतं. पहिल्या जाळ्या आत भरून तयार होत्या.

मुकादमांचा आवाज एरवी बारीक आहे. गाऱ्हाण्यात तो मोठा होतो. ते देवाला एकेक गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक गोष्टीला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. लाँचीला मासळी गावू दे. गेलेला माणूस घरी येऊ दे. बायलरला काही होऊ नये, लायटीचा खेळखंडोबा होऊ नये. पोरांच्या शाळा, कुणाच्या तरी मुलीचं लग्न. मी मान खाली घालून ऐकत होते. मला गंमत वाटत होती की इतकं सगळं त्यांच्या ध्यानात कसं राहतं. तेवढ्यात दादाकडे मान वळवून ते म्हणाले,

"मागल्या हंगामात दोन नंबरचं झाकण वाफेसकट उघडलं, तू आमच्या माणसाला राखलंस. मग ह्या पोरानं बंदोबस्त केलान. आता दाब उतरल्याबिगर खिट्टी सुटत नाय. ती तशीच राखून ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दादाही म्हणाला, डोळे मिटून.

दोन नंबरचं चित्र मला तोंडपाठ आहे. शिजवणे, वाफ सोडणे, उघडणे. वाफ सोडण्यापासून उघडण्यापर्यंत एक बाण, आणि त्या बाणावर एकच अट: ठरलेली मिनिटं झाली की पुढे जा. दाबाचा त्यात कुठे उल्लेख नाही. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळे चौकोन फिरून आले. नव्हताच. म्हणजे मुकादम ज्या बंदोबस्ताबद्दल बोलत होते तो दादाने थेट यंत्रातल्या प्रोग्राममध्ये घातला होता. आणि तो प्रोग्राम आज सकाळी पुसला गेला होता, कारण दादाने माझा नवा प्रोग्राम त्याच्यावर घातला होता.

मी दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेलेच. मुकादम पुढे गेले होते, रस्त्यावरच्या ट्रकांपर्यंत. गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत एवढं मलाही माहीत आहे. मी वाक्य जुळवायला लागले आणि ते इंग्रजीत येत राहिलं. मला वाटलं, कदाचित मीच चुकत असेन. कदाचित त्यांनी खिट्टीच नवी बसवली असेल, कदाचित प्रोग्रामचा काही संबंधच नसेल. असं वाटून घेणं फार सोपं होतं, आणि तेवढ्यात मुकादम खाली वाकून नारळ उचलायला लागले.

"झाकण उघडेल," मी म्हणाले.

ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या मावशींना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तेवढंच म्हणाले, त्यांच्या कुकराकडे बोट दाखवून. मावशींनी जोडलेले हात सोडले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "थांबा जरा. ही बाय काय सांगते ती ऐका आधी."

नारळ मुकादमांच्या हातातच राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फक्त दादाशी बोलले, कारण एका माणसाशी बोलता येतं.

"दाबाची अट तू कुठे घातली होतीस?"

"मशीनमध्ये. मे महिन्यात."

"चित्रात नाही ती."

"नसू दे. पण तुझं टूल मशीनमधलं वाचून घेतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "ते एकाच बाजूने जातं."

दादाचा चेहरा हळूहळू उतरला. तो बदल त्याने लपवून ठेवलेला नव्हता. इतके दिवस तो धरून चालला होता की कारखान्यात केलेली दुरुस्ती आपोआप माझ्या चित्रात जाऊन पोचते आणि पुढच्या प्रोग्रामबरोबर परत येते. आणि मी धरून चालले होते की कारखान्यात कुणी दुरुस्ती करतच नाही. रोज समोरासमोर बसून आम्ही डबा खात होतो.

त्याने वाद घातला नाही. दोन नंबरचा कुकर रिकामा असल्यासारखाच थंड होता, तेव्हा दादाने दाब मोजणाऱ्या मीटरची वायर सोडवली, तिच्या जागी खोटा सिग्नल दिला, म्हणजे आत पूर्ण दाब आहे असं कंट्रोलरला वाटेल, आणि मिनिटं संपल्याचं भासवून बटण दाबलं. खिट्टी टक् करून मागे सरकली. मावशी झाकणापासून दोन पावलं मागे गेल्या. वाफ बाहेर पडायच्या नळीत खवलं अडकली की दाब उतरायला उशीर होतो, मे महिन्यात तसंच झालं होतं, असं मग मुकादमांनी मला सांगितलं. तेव्हा एका माणसाच्या पायावर गरम पाणी उडालं होतं. दाब असताना झाकण अडवून धरणारी यांत्रिक अडणी एक नंबरवर शाबूत होती, दोन नंबरची झिजलेली, नवी अजून आलेली नव्हती. सगळी मदार दादाच्या त्या ओळींवर होती.

दादा म्हणाला, पाच मिनिटं द्या, ओळी परत लिहितो. त्या त्याच्या लक्षात होत्या. मालकांनी लगेच मान हलवली, मासळी बर्फात खोळंबली होती. साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आज दादा म्हणतोय तसं होऊ द्या, मॉडेलचं नंतर बघू. आमच्या ऑफिसात नंतर या शब्दाचं काय होतं ते मला माहीत आहे.

मी दादाला म्हणाले, तू आज लिहिशील, पण पुढच्या वेळी मी प्रोग्राम काढला की ते पुन्हा पुसलं जाईल.

"मग काढू नको," दादा म्हणाला. पण तो हसत नव्हता. तो मावशींकडे बघत होता.

"एक नंबर चालू करा," मी मालकांना सांगितलं. "दोन नंबर मी करून देईपर्यंत बंद ठेवा."

हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. मालक एक नंबरकडे गेले. मुकादमांनी राहिलेलं गाऱ्हाणं तिथून पुढे पुरं केलं, नारळ फोडला. मी लॅपटॉप घेऊन एका पालथ्या क्रेटवर बसले. दोन नंबर बंद म्हणजे मावशींना काम नव्हतं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

काम वाटलं तितकं लहान निघालं नाही. चित्रात काय काढता येतं आणि काय नाही, हेसुद्धा आधी ठरवून दिलेलं असतं. त्याला मेटामॉडेल म्हणतात. आमच्या मेटामॉडेलमध्ये बाणावर फक्त वेळेची अट लिहिता येत होती. दाब, तापमान, पातळी, यांतलं काहीच नाही. म्हणजे मे महिन्यात दादाने मला सांगितलं असतं तरी ते काढायला चित्रात जागाच नव्हती. मी मोजमापाच्या अटीचा नवा प्रकार घातला, दोन नंबरच्या बाणावर तो बसवला, आणि प्रोग्राम काढला. काही तक्रार न करता तो निघाला. मी त्यात दाबाची ओळ शोधली. नव्हती. वरून खाली, खालून वर. नव्हतीच.

तेव्हा मला खरी धडकी भरली. नव्या प्रकाराची अट माझ्या एकाही नियमात बसत नव्हती, आणि नियमात न बसणारी गोष्ट टूल मुकाट्याने सोडून देतं. ही या भाषेची रीतच आहे. मी ती पुस्तकात वाचलेली होती. आजवर तिच्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. इथे क्रेटवर बसून ते पचेना. एक नंबरच्या कुकरची वाफ सुटायला लागली होती, त्या आवाजाने प्रत्येक वेळी माझे खांदे आपोआप वर जात होते. मी दोन्ही रूपांतरांत नव्या अटीचा नियम लिहिला. मग आणखी एक तपासणी लिहिली: चित्रातल्या कुठल्याही गोष्टीला एकही नियम लागला नसेल तर थांबायचं आणि तिचं नाव सांगायचं.

तपासणी चालवली तर ती थांबली. दाबासाठी नव्हे. दोन नंबरवरच्या लाल दिव्यासाठी. तो चित्रात कुणीतरी फार पूर्वी काढला होता आणि त्याचा प्रोग्राम कधी निघालाच नव्हता. मी मावशींना विचारलं, हा दिवा कधी लागतो?

"तो? तो कधी लागलाच नाय. आम्ही बलब बदलून बदलून थकलो."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच मला हसू आलं, आणि ते थांबवता येईना. मावशीही हसायला लागल्या. आपण कशाला हसतोय हे त्यांना नीट कळलं होतं असं नाही. त्यांनी कुठून तरी चहा आणून दिला. आत दाब असेपर्यंत तो लागावा, असा दिव्याचाही नियम मी लिहिला.

दादाने नवा प्रोग्राम यंत्रात घातला आणि मीटरच्या वायरीला पुन्हा खोटा दाब दिला. लाल दिवा लागला. मिनिटं संपल्याचं भासवून बटण दाबलं, खिट्टी हलली नाही. दुसऱ्यांदा दाबलं, नाही. मग मावशी पुढे झाल्या, झाकणाचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. मला ते बघवत नव्हतं, तरी मी बघितलं. झाकण जागचं हललं नाही. दादाने दाब शून्यावर आणला तेव्हा दिवा विझला आणि खिट्टी मागे सरकली.

"आता माझी खात्री झाली," मावशी म्हणाल्या आणि जाळ्या ढकलायला गेल्या.

दुपार उलटून गेली होती. दादा मला त्याच्या बाइकवर सोडायला निघाला. आम्ही एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो. मला मागे धड बसता येत नव्हतं. सकाळपासून एक गोष्ट मनात टोचत होती आणि कामाच्या गडबडीत मी ती बाजूला ठेवली होती. नियम बदलले होते ते फक्त या कारखान्यासाठी नव्हे. आमचे सगळेच कारखाने त्याच नियमांवर चालतात. सगळ्यांचे प्रोग्राम मी नव्याने काढले होते.

मी त्याच्या पाठीमागून विचारलं, "दादा, आणखी कुठे?"

त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. मग थोड्या अंतरावर बाइक कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पाय जमिनीवर टेकवून तो समोर बघत बसला.

"हेदवीच्या पुढे," तो म्हणाला. "बर्फाच्या कारखान्यात. अमोनियाचा दाब वाढला तर कॉम्प्रेसर बंद पडावा म्हणून. मागल्या दिवाळीत घातलं."

हेदवीच्या त्या कारखान्याला नवा प्रोग्राम मी आदल्या दिवशी ईमेलने पाठवला होता. तिथला ऑपरेटर हुशार आहे, त्याला तो घालता येतो, म्हणून दादाची फेरी वाचवली होती.

दादाने खिशातून फोन काढला. त्याला तिथे काय सांगायचं ते सुचत नसावं, किंवा लाज वाटत असावी. तो नंबर काढून नुसता हातात धरून राहिला. मी त्याच्याकडून फोन घेतला. अनोळखी माणसाला मी सहसा फोन करत नाही, गॅस सिलिंडरसुद्धा आई सांगते. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडे कुणीतरी उचलला, मागे पावसाचा आवाज.

मी विचारलं, काल पाठवलेला प्रोग्राम घातला का.

तो म्हणाला, सकाळपासून लाइट नाही, डिझेलवर कसंबसं चाललंय. लाइट आली की घालतो. मग त्याने विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"तो प्रोग्राम माझ्या नियमांतून निघालाय," मी म्हणाले. "त्यात दाबाची अट नाही. लाइट आली तरी घालू नका. कुणी सांगितलं तरी घालू नका. आम्ही येतोय."

तो म्हणाला, बरं, पण त्याच्या आवाजावरून मला काही कळेना. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणि त्यालाही म्हणायला लावलं. दादाने बाइक वळवली होती. खाडी ओलांडायला जयगडची फेरीबोट किती वाजेपर्यंत असते, असं तो मला विचारत होता, आणि मी फोन कानाला तसाच धरून मागे बसले.